दोनदा उघडलेला गिअरबॉक्स

माझी सून गिअरबॉक्स दुरुस्त करते. साधे नव्हेत, ऑटोमॅटिक. ज्या गाड्यांत क्लच नसतो, गिअर आपले आपण बदलतात आणि चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला काही उद्योगच नसतो, त्या गाड्यांचे. ही गोष्ट मी भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. घरचे म्हणतात पाच फार झाली, तुम्हाला दोन पुरतात.

लग्न होऊन ती घरी आली तेव्हा सोबत दोन पेट्या होत्या. एक मी हौसेने उचलायला गेलो आणि कंबर धरून खाली बसलो. "बाबा, राहू द्या, त्यात हत्यारं आहेत," ती म्हणाली. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, वाचनालयात नोकरीला. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी त्यावरचं पुस्तक शोधणारा. अशा घरात ती आली आणि आठवडाभरात मागच्या पत्र्याच्या शेडवर तिने ताबा मिळवला. तिथे मी तीस वर्षं 'कधीतरी लागेल' म्हणून सामान साठवलं होतं. तिने सगळं बाहेर काढलं, फक्त अंड्यांचे रिकामे ट्रे ठेवून घेतले. गिअरबॉक्स उघडला की पहिला निघालेला भाग पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, असे ती मांडत जाते. चिठ्ठी नाही, खूण नाही. बसवताना शेवटच्या खळग्यापासून उलटं यायचं. ट्रेला कोणी हात लावायचा नाही, हा तिचा एकच नियम. तो मला माहीत होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आता डॉक्टरांकडे येतो. आमचे डॉक्टर म्हणजे गुरांचे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. तरुणपणी एका बैलाला सलाईन लावत होते, बैल उधळला. ते स्वतःच सांगतात, "बैल बरा झाला, पाय नाही झाला." तेव्हापासून त्यांना ऑटोमॅटिकशिवाय दुसरी गाडी चालत नाही. त्या गाडीतून ते वीस-बावीस वस्त्या फिरतात. ती गाडी गुरगुरायला लागली. मग ओरडायला लागली. मग चढावर नुसतंच ओरडायची, चढायची नाही.

हमरस्त्यावर मोठं गॅरेज आहे. तिथल्या थोरल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत निकाल दिला. "डबाच बदला, अख्खा गिअरबॉक्स. आतलं कोणी खोलत नाही. खोललं तर परत बसत नाही." नवा डबा यायला तीन महिने. आणि इकडे डॉक्टरांच्या खात्याचं पत्र आलेलं: दौरे जमत नसतील तर मुख्य कार्यालयात टेबलाचं काम देऊ; महिनाअखेरच्या टपालाने उत्तर आलं नाही तर जमत नाही असंच धरू.

डॉक्टर गाडी कशीबशी आमच्या दारात घेऊन आले आणि ओट्यावर बसले. "काका," ते मला म्हणाले, "टेबलाला ताप येत नाही. टेबल विताना अडतही नाही. मी तिथे जाऊन करू काय?"

सून शेडमधून हात पुसत आली. "डॉक्टर, तुमची ती छाती तपासायची नळी द्या जरा."

"गाईची आहे ती."

"चालेल. गाडी काही तक्रार करणार नाही."

मागची चाकं जमिनीवरून उचलून तिने गाडी चालू केली, गिअरमध्ये टाकली आणि आडवी होऊन नळी गिअरबॉक्सला लावली. मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आत बसवून ॲक्सिलरेटर द्यायला लावलं. पहिल्यात आवाज. दुसऱ्यात आवाज. तिसरा पडला आणि आवाज गप्प. रिव्हर्स टाकला, पुन्हा आवाज. ती बाहेर आली ती हसतच. "प्लॅनेटरी गेलंय. बाकी डबा ठणठणीत आहे."

मी विचारलं, हे तुला कसं कळलं? तिने मला जे समजावलं ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. आत मधोमध एक गिअर असतो. त्याच्याभोवती तीन-चार छोटे गिअर फिरतात, ग्रहांसारखे, म्हणून नाव प्लॅनेटरी. ते सगळे मिळून बाहेरच्या एका मोठ्या दातेरी कड्यात बसलेले. आता यात एकाने जागेवर थांबायचं, म्हणजे बाकीच्यांना फिरता येतं. कोण थांबतो त्यावर गाडी हळू जाणार, जोरात जाणार की मागे जाणार, ते ठरतं. माझी बायको होती तेव्हा आमच्या घरात हेच चालायचं. ती थांबली की आम्ही फिरायचो, आम्ही थांबलो की ती आम्हाला फिरवायची. पण तिसऱ्या गिअरमध्ये कोणीच थांबत नाही. सगळे एकमेकांना धरून एकगठ्ठा फिरतात. छोटे गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत, मग ओरडतील कशाला? म्हणून तिसऱ्यात आवाज बंद. म्हणजे दुखणं त्या छोट्या गिअरांच्या पोटात. हे थोरल्या मिस्त्रीलाही कळलं असतं, पण त्याने नळी लावली नाही. त्याला घाई होती.

डबा उघडला तर तसंच निघालं. प्रत्येक छोट्या गिअरच्या आत बारीक पोलादी सुया असतात, त्यांच्यावर तो फिरतो. एका गिअरच्या सुयांचा भुगा झाला होता आणि मधली पिन रिकाम्या रिळासारखी झिजली होती. सुटे भाग मिळेनात. कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं. तेव्हा ही बाई दोन दिवस भंगारवाल्यांकडे फिरली आणि पुढून चेपलेली तशीच एक गाडी शोधून तिचं प्लॅनेटरी घेऊन आली. दोन्हींतून एक चांगलं केलं. जुन्या सुयांत नवी सुई मिसळायची नाही, घ्यायचा तर पूर्ण संच घ्यायचा, एक जाड असेल तर सगळा भार तीच खाते. व्हॅसलीन लावून एकेक सुई चिमट्याने चिकटवायची, मग पिन घालायची, मग पिनेचं तोंड ठोकून बंद करायचं. मी बाजूला स्टूल टाकून बसायचो. श्वाससुद्धा बेताने घ्यायचो.

आणि आता माझा पराक्रम.

महिना संपायला दोन दिवस होते. सकाळी तिने सगळे भाग रॉकेलने धुतले, हवेच्या पाइपने उडवले, ट्रेमध्ये मांडले आणि ती तेल आणायला गेली. मी शेडमध्ये डोकावलो. भागांवर कुठे कुठे ओल दिसत होती. मला वाटलं, दमली बिचारी, पुसायचं विसरली. ट्रेमधून एकेक भाग उचलायचा, पुसायचा, त्याच खळग्यात ठेवायचा. जागा चुकवली नाही मी, एवढं तरी माझ्या बाजूने लिहा. एकेक दात पुसला. आरशासारखं केलं सगळं.

तिने येऊन भाग तेलात बुडवले आणि डबा बसवला. दुपारी एकला शेवटचा बोल्ट आवळला. चारला डॉक्टर येणार होते. आम्ही जेवायला बसलो आणि मी कौतुकाच्या आशेने म्हटलं, "आज भाग कसे चकचकीत होते, पाहिलंस?"

तिचा घास हातातच राहिला. "का?"

"मी पुसले. एकूणएक."

"कशाने, बाबा?"

"माझ्या जुन्या बनियनने. धुतलेली होती. मऊ होती चांगली."

मुलगा माझ्याकडे बघत होता, मी वरणाकडे. तिने घास खाल्ला, पानातलं संपवलं, हात धुतले आणि शेडकडे गेली. मी मागोमाग. तिने नुकताच आवळलेला बोल्ट सोडवला.

"अगं, एवढ्याशा पुसण्याने काय होणार? कापूसच तो."

"तोच तर आहे."

तासा-दीड तासाने प्लॅनेटरी पुन्हा तिच्या हातात आलं. भिंग लावून तिने दोन गिअरांच्या फटीतून चिमट्याने एक धागा ओढला. पांढरा, नखाएवढा. तो तिने माझ्या तळहातावर ठेवला. "बाबा, या डब्यात तेलच सगळी कामं करतं. गिअर तेच बदलतं. आणि त्याच्या वाटा या धाग्यापेक्षा बारीक आहेत. असा एक जरी आत गेला असता तर चार दिवस गाडी छान चालली असती. पाचव्या दिवशी डॉक्टर कुठल्यातरी चढावर अडकले असते."

चारला डॉक्टर आले. टेबलावर डबा पुन्हा पोट उघडून पडलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. खिशातलं खात्याचं पत्र त्यांनी नुसतंच चाचपलं. सून म्हणाली, "मला एक शंका आली म्हणून उघडला. उद्या चारला मिळेल."

"उद्या महिन्याची शेवटची तारीख आहे, पोरी."

"माहीत आहे. उद्या चारला."

तिने माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणालो, "डॉक्टर, शंका वगैरे काही नाही. माझी बनियन आहे."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, मी नवा होतो तेव्हा एका म्हशीच्या पोटात टाके घालून झाले आणि लक्षात आलं की कात्री मोजायची राहिली. म्हैस झोपेत होती, मालक हात जोडून उभा होता. कोणाला काही कळलं नसतं."

"मग?"

"टाके उसवले. कात्री आत नव्हती, माझ्याच खिशात होती. पण उसवले." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "उद्या चारला येतो."

संध्याकाळपर्यंत तिने एकेक भाग पुन्हा धुतला. बारीक जाळ्या उजेडात धरून पाहिल्या. आणखी सहा धागे सापडले. ते तिने कागदावर मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बंद झाला. मुलाने रजा टाकली होती. जॅकचा दांडा धरून तो गाडीखाली पडला होता आणि ती सांगेल तसा तसूभर वर, तसूभर खाली करत होता. खिळ्याचं पुस्तक वाचणाऱ्या माणसाने हे केलं, याचीही मी नोंद करतो.

चारला डॉक्टर चालवायला बसले, सून शेजारी, मी मागे. गावाबाहेरचा घाट गाडीने काय घेतला म्हणून सांगू! पहिल्यात आवाज नाही, दुसऱ्यात नाही. वर गेल्यावर तिने डॉक्टरांना गाडी एका अरुंद बोळात घालायला लावली, दोन्हीकडे दगडी बांध, आणि म्हणाली, "आता मागे घ्या." गाडी सरळ मागे आली, पाण्यातून नाव यावी तशी. डॉक्टरांनी ती पुन्हा एकदा आत घालून पुन्हा मागे घेतली. गरज नव्हती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडच्या वस्तीवर एक गाय अडली होती. आम्ही दोघं खाली उतरलो. डॉक्टरांनी खिशातून पत्र काढलं, बॉनेटवर ठेवलं, त्याच्या पाठीवर लिहिलं, 'दौरे चालू आहेत. पुढेही चालू राहतील.' सही केली आणि पाकिटात घातलं.

"पोरी, हे टपालात—"

"माझ्या हाताला तेल आहे," ती म्हणाली. "डाग पडेल. बाबांकडे द्या."

गाडी उताराला लागली आणि दिसेनाशी झाली. आम्ही घाट उतरून चालत आलो. पाकीट मी दोन बोटांत धरून, उंच, घामसुद्धा लागू नये म्हणून. पोस्टाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीतल्या बाई शिक्का मारताना म्हणाल्या, "डॉक्टरांचं उत्तर वाटतं? मग बसणार का ते टेबलावर?"

"नाही," मी म्हटलं, आणि सुनेला पुढे ओढलं. "हिने बसू दिलं नाही. कसं ते सांगतो."

"बाबा, त्यांना बंद करायचंय," सून म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं, खिडकीचं दार अर्धं ओढलं होतं ते पुन्हा उघडलं, आणि म्हणाल्या, "सांगा."