आपण आपणच आहोत, हे दाखवायचं दुकान

सुनीता दुकान दिवसातून दोनदा झाडते. कचरा जातो, किस्से मात्र कोपऱ्यात तसेच राहतात. आता इतके साठलेत की थोडे तुमच्याकडे ढकलतो.

सुनीता माझी सून. दुकान तिचं, देवासला, टेकरीच्या रस्त्यावर. लोक येतात, मशीनला अंगठा नाहीतर चेहरा दाखवतात आणि मशीन सांगतं की हा माणूस तोच आहे. म्हणजे तुमच्या नावानं दुसराच कोणी खातं उघडणार नाही, तुमचं रेशन उचलणार नाही. माझं शिक्षण बेताचं, म्हणून मला बेताचं काम. ओल्या फडक्यानं लोकांचे अंगठे पुसायचे.

यंदा कंपनीचा मेसेज आला. ‘तुमच्या सेंटरवर फार लोक फेल होतात. कोणी दुसऱ्याच्या नावावर आपला अंगठा लावून बघतंय, असा संशय आहे. महिनाभर नजर ठेवू, मग व्हिडिओ कॉलवर तपासणी. पटलं नाही तर आयडी बंद.’

आयडी बंद म्हणजे दुकान बंद. सुनीतानं ते वाचलं आणि पंखा फुल केला. भर थंडीत!

* * *

नेमक्या त्याच दिवशी लसूण सोलायच्या कामावरच्या एक मावशी आल्या. सोलून सोलून अंगठ्यावरच्या रेघा पार पुसलेल्या. मी पुसलं, तेल लावलं, पुन्हा पुसलं. मशीन आपलं लाल.

सुनीता म्हणाली, “मावशी, मशीन म्हणतंय तुम्ही तुम्ही नाही.”

“अगं, मैं तो पूरी की पूरी बैठी हूं!” मावशी म्हणाल्या. मग वाकून मशीनच्या अगदी जवळ तोंड नेलं. “ओ भिया! अंगठा सोड. इकडे बघ!”

* * *

एक नवी सून आली, डोक्यावरून हनुवटीपर्यंत घूंघट. सोबत तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. मशीनला चेहरा हवा आणि जेठांसमोर घूंघट निघणार नाही.

जेठ बिचारे समजूतदार. स्वतःच बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. इकडे चेहरा पास झाला, सगळे खूश. तेवढ्यात कळलं की ओटीपी जेठांच्या मोबाइलवर गेलाय! घूंघट अजून वर केलेलाच होता. वळायची सोय नाही.

मग ते भल्या मोठ्या रस्त्याकडे बघत ओरडले, “चार! सात! नौ!”

मधून ट्रक गेला. समोरच्या चहावाल्यानं मदत म्हणून पुढचे आकडे ऐकून आणखी जोरात सांगितले.

आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: ओटीपी कोणालाही सांगू नका.

* * *

हरी आणि गोविंद हे जुळे भाऊ, शेवेचं दुकान चालवतात. देवासला पूर्वी दोन राजांच्या दोन गाद्या होत्या, त्यामुळे एकाच्या जागी दोन निघाले तरी आम्हाला नवल वाटत नाही. मशीनला तर मुळीच वाटलं नाही. गोविंदच्या नावावर जो समोर बसला, त्याला त्यानं झटकन हिरवा केला.

सुनीताला शंका आली. गोविंदची बायको माहेरी, खातेगांवला. तिला व्हिडिओ कॉल लावला.

ती म्हणाली, “उनसे बोलो, हंसें.”

तो हसला.

“ये मेरे वाले नहीं हैं. मेरे वाले हंसते नहीं.”

“भाभी, दुकान पर भीड़ थी, इसलिए उसकी जगह मैं...”

“देखा? मेरे वाले तो इतना बोलते भी नहीं!”

मशीनकडून पास, भावजयीकडून फेल. सुनीतानं काम रद्द केलं आणि हरीला भावाला आणायला पाठवलं.

* * *

धारहून आमचे व्याही आले, सुनीताचे वडील. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. थोरले भाऊ गेले म्हणून डोकं आणि मिशी नुकतीच उतरवलेली. जुन्या फोटोत मात्र मिशी अशी की मांडूच्या किल्ल्याचा दरवाजा!

मशीन म्हणालं, चेहरा जुळत नाही.

“धारला मला कुत्रंसुद्धा ओळखतं!” व्याही चिडले. सुनीता पुन्हा बटण दाबणार, तोच त्यांनी तिचा हात धरला. “नको, बाई. तुझ्या दुकानावर फेल वाढेल. मिशी आली की येतो.”

पेन्शन अडकवून गृहस्थ परत गेले. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. बोलत काही नाहीत. फक्त नाकाखालचा भाग कॅमेऱ्याजवळ आणतात.

* * *

आणि तपासणीचा दिवस आला.

सुनीता सकाळपासून जेवली नाही. कॉल लागला. स्क्रीनवर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण साहेब.

“ऑपरेटर आप हैं? चेहरा दिखाइए.”

“पहले आप,” सुनीता म्हणाली.

“जी?”

“ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलंत ना! अनजान कॉल आला तर आधी समोरच्याची ओळख पक्की करा.”

त्यानं कार्ड दाखवलं.

“कार्ड तो कोई भी छाप ले. पलकें झपकाइए.”

“मैडम, जांच मैं कर रहा हूं!”

“मैं भी.”

बिचाऱ्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या. पुन्हा मिटल्या, उघडल्या.

तेवढ्यात त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, “पिंटू! ऑफिस के नाम पर किसे आंख मार रहा है?”

साहेब घरूनच काम करत होते! आई स्क्रीनमध्ये आल्या, हातात लाटणं.

सुनीता गंभीरपणे म्हणाली, “ठीक है सर, आप पक्के. अब मैं.”

तिनं मशीनसमोर चेहरा धरला. लाल. पुन्हा धरला. पुन्हा लाल. तिचा फोटो लग्नाआधीचा होता. साहेबांचा आवाज उतरला. “मैडम, एक और बार फेल हुआ तो मुझे बंद लिखना पड़ेगा.”

मी तिच्या मागंच बसलो होतो. साहेबांची नजर माझ्यावर पडली.

“बाबा, आप बताइए. ये कौन हैं?”

माझं बोलणं आधीच संथ. धीर यावा म्हणून मी चहाचा कप उचलला.

“ये... मेरी...”

कॅमेऱ्यासमोर मान हलवायची नसते. सुनीतानं हलवलीही नाही. डोळे समोर ठेवूनच ती कडाडली, “मामंजी! चाय बाद में, आधी गोळी!”

मी कप खाली ठेवला.

पलीकडून लाटण्याचा टेबलावर आवाज झाला.

“लिख दे, पिंटू. बहू ही है.”

पिंटूनं लिहिलं.