वासाविना पालेर्मो

डिसेंबरात मला ताप आला. तीन दिवसांत उतरला, पण त्यानंतर मला कशाचाच वास येईना.

कळलं ते सकाळच्या चहाला. आलं ठेचून घातलं होतं, वेलची होती, चहा नेहमीच्याच रंगाचा झाला होता, आणि कप तोंडाशी नेला तर नुसतं गरम गोड पाणी. सिंगापुरात बुकित बातोकला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. शेजारची मलाय बाई सुक्या कोळंबीची चटणी परतायला लागली की मी धावत जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावत असे. इतकी वर्षं त्या वासाला नावं ठेवली. त्या दिवशी तिच्या खिडकीतून धूर येताना दिसत होता आणि मी उघड्या खिडकीशी उभी राहून जोरजोरात श्वास घेत होते. काही नाही.

डॉक्टर म्हणाले, काहींचा वास आठवड्याभरात परततो, काहींना महिने लागतात, काहींचा येतच नाही. त्यांनी एक व्यायाम सांगितला: लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार डब्या करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची. हुंगताना तो वास कसा असायचा ते आठवायचं. मी रोज न चुकता हुंगत असे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं समजायचं, तिखट झोंबायचं. बाकी सगळं अन्न म्हणजे मऊ, कडक, गरम आणि गार.

मला याचं जास्त लागलं, कारण मी घरून खायचे पदार्थ करून देत असे. दिवाळीचा फराळ, संक्रांतीच्या गूळपोळ्या. सिंगापूरभरची पन्नासेक मराठी घरं वर्षानुवर्षं माझ्याकडून घेत. त्या जानेवारीत मी कुणाला काही न सांगता गूळपोळ्या केल्या. तीळ आणि बेसन डोळ्यांनी भाजता येत नाही, ते नाकाने भाजायचं असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण नाक आपलं काम न सांगता करत होतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका बाईंचा फोन आला. त्यांनी फार अदबीने विचारलं, की यंदा तीळ वेगळे आणलेत का. मी समजले. नवरा आणि मी दोन दिवस एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरून दिलेले डबे परत घेत होतो. मी सगळीकडे सांगितलं, तीळच खराब निघाले. नवरा शेजारी पिशवी धरून उभा असे.

तो मुळातच फारसा बोलत नाही. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत मालाची वेळापत्रकं बघतो. सव्वीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाबद्दल त्याचे दोनच अभिप्राय मी ऐकले होते. एक म्हणजे "बरं झालंय", आणि दुसरा म्हणजे पुन्हा वाढून घेणं.

एप्रिलमध्ये आम्ही इटलीला जायचं हे आजारपणाच्या आधीच ठरलं होतं. सगळं आमच्या मुलीने ठरवलं होतं. ती बँकेत काम करते, तिला ठरवायला आवडतं. शेवटचा मुक्काम पालेर्मोचा, आणि तिथे खास माझ्यासाठी एक फेरी: एका माहीतगार बाईंबरोबर जुन्या शहरातून चालायचं आणि जागोजागी तिथली मिठाई चाखायची. मी म्हटलं, ते तेवढं रद्द कर. ती लॅपटॉपवरून मान वर न करता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट गो लाह. बाबा खातील, तू शहर बघ."

म्हणून गेले.

पालेर्मोच्या मधोमध दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि त्या चौकाचे चारही कोपरे आतल्या बाजूला वळवून बांधलेले आहेत. प्रत्येक कोपऱ्यात खाली कारंजं आणि वर एकावर एक पुतळे. तिथे सकाळी आम्ही आठ जण जमलो. वाटाड्या बाई साठीच्या होत्या, पांढरे आखूड केस, पायात सपाट बूट. त्यांच्या वडिलांची याच भागात भट्टी होती. इंग्रजी सावकाश, पण स्वच्छ. आमच्यात आयर्लंडहून आलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. त्या पहिल्या पाच मिनिटांतच नवऱ्याशेजारी चालू लागल्या, कारण तो सावली धरून चालत होता.

बाई चालता चालता शहराची गोष्ट सांगत होत्या. ऊस, लिंबं आणि संत्री इथे अरबांनी आणली. त्यांच्यानंतर नॉर्मन आले, मग स्पॅनिश, आणि जो राज्य करून गेला त्याने मागे एखादं देऊळ किंवा वाडा ठेवला असेल-नसेल, मिठाई मात्र ठेवली. रस्त्याचे दगड पायांनी घासून इतके गुळगुळीत झाले होते की ऊन त्यांच्यावरून परत डोळ्यांत येत होतं. मला शहर आवडलं. बाल्कन्यांवर वाळत घातलेले कपडे, त्यांच्या खाली संगमरवरी दरवाजे, बाजारात ओरडून आर्टिचोकची काटेरी भाजी विकणारे लोक.

पहिल्या दुकानात बदामाचा बर्फाळ कालवलेला रस आणि त्यात बुडवून खायला मऊ गोड पाव मिळाला. सगळे खाऊन डोळे मिटत होते, मीही मिटले. एका बहिणीने कसं आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, फारच छान. थंड होतं, दाताखाली रवाळ लागत होतं, गोड होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या पेल्यात पाहिलं.

दुसरा थांबा एका जुन्या मठात होता. पूर्वी तिथल्या नन्सना बाहेरच्या कुणी पाहायचं नसे. भिंतीत लाकडाचं एक फिरतं पिंप होतं. बाहेरून गिऱ्हाइकाने त्यात पैसे ठेवायचे, आतून ते फिरवलं जायचं, आणि परत फिरून येईल तेव्हा त्यात मिठाई असायची. हे ऐकून मी खूश झाले होते. मग बाईंनी आम्हाला आतल्या अंगणात एका झाडाखालच्या बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एक छोटी बाटली एकेकाच्या नाकाशी नेली. कशाचा वास आहे ते ओळखायचं.

आत काचेच्या कपाटात बदामाच्या लगद्याची रंगवलेली फळं मांडलेली मी पाहिली होती. माझी पाळी आली तेव्हा मी ठामपणे सांगितलं, "बदाम."

मी डोळे उघडले. बाई हसत होत्या, त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. त्यांनी वर बोट दाखवलं. आम्ही संत्र्याच्या झाडाखाली बसलो होतो आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. बाटलीत त्याच फुलांचं पाणी होतं. अंगणात पाऊल टाकल्यापासून सगळे त्या घमघमाटाबद्दलच बोलत होते म्हणे, मी पिंपाशी रेंगाळले होते म्हणून ऐकलं नव्हतं.

तेव्हा नवऱ्याने इंग्रजीत सांगितलं, की हिला वास येत नाही, डिसेंबरपासून.

मी मराठीत त्याला विचारलं, सांगायची काय गरज होती. आवाज चढला असावा, कारण मराठी न कळणारेही जमिनीकडे पाहू लागले.

तो म्हणाला, "मग अजून किती वेळ खोटं बोलणार आहेस? तिळाचं झालं, आता बदामाचं."

एका बहिणीने माझा हात थोपटला. ते मला त्याच्या बोलण्यापेक्षाही असह्य झालं. मी उठून बाहेर आले आणि मठाच्या पायरीवर बसले. रडू आलं नाही. नुसती दमून गेले होते. चार महिने सगळ्यांसमोर जेवताना चेहरा करत होते, त्याचा तो थकवा होता.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. त्यांनी वाईट वाटलं वगैरे म्हटलं नाही. माझ्या शेजारी बसून वडिलांचं सांगितलं. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं, तरी भट्टी त्यांनी सोडली नाही. लहानपणी बाई शाळेतून आल्या की भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि आतल्या पावाचा रंग वडिलांना सांगायच्या. नुसतं तपकिरी म्हटलं की वडील चिडायचे. "ते म्हणायचे, कुठला तपकिरी ते सांग. चेस्टनटचा, की दाराचा, की तुझ्या आईच्या केसांचा?" एवढं सांगून त्या उठल्या आणि नवऱ्याला बोलवायला आत गेल्या.

तो कागदावर बदामाचं एक पीच घेऊन आला. ते हुबेहूब होतं, एका गालावर लाली, वर खरं वाटावं असं पान. त्याने अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. बाईंनी त्याला काय सांगितलं होतं मला ठाऊक नाही. बराच वेळ चावून झाल्यावर तो म्हणाला, "बदाम आहे."

मी म्हटलं, ते मीही मघाशी सांगितलं होतं.

तो हसला नाही. त्याने विचार केला. "आपल्याकडच्या बदाम बर्फीसारखं नाही. ती तुपाची लागते. हे कोरडं आहे. कच्चा बदाम सोलल्यावर पहिल्यांदा येतो तो वास, आणि मागे थोडा कडवटपणा. औषधाच्या बाटलीतला, पण चांगल्या औषधाच्या."

मी घास तोंडात घोळवला. वास आला नाही. पण कुठे काय असायला हवं ते समजलं, आणि तिथपर्यंत मी आठवणीने पोचू शकले.

मी विचारलं, आणि ती फुलं?

तो परत आत गेला. दारातून मला दिसत होता, झाडाखाली मान वर करून उभा. परत आल्यावर म्हणाला, "मोगऱ्याचा गजरा ठेवलेल्या डब्यात कुणी संत्रं सोललं तर."

आम्ही पुन्हा सगळ्यांत जाऊन मिसळलो. पुढच्या दुकानात नळीसारख्या तळलेल्या खोळीत ताजं गोड चीज भरून दिलं. माझ्या हातात पडल्याबरोबर नवऱ्याने सुरुवात केली, की बाहेरचं नवरात्रातल्या कडाकण्यांसारखं आहे पण जास्त भाजकं, आतलं खरवसासारखं, फक्त गूळ नाही, आणि दालचिनी आहे पण ती मागच्या रांगेत बसली आहे. त्या बहिणींनी तो काय बोलतोय म्हणून विचारलं. मग त्याला खरवस इंग्रजीत समजावून सांगावा लागला. त्यात त्याची अशी काही तारांबळ उडाली, की वाटाड्या बाईही थांबून ऐकू लागल्या.

शेवटी साखरेच्या पाकात मुरवलेल्या फळांनी सजवलेला हिरव्या कडेचा केक होता. नवऱ्याने एक घास घेतला आणि चमचा ठेवला. "मला नाही आवडला. साखरेखाली सगळं दबलंय."

त्याला एखादी गोष्ट आवडली नाही हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मी विचारलं, की मी केलेलं काय काय आवडत नाही.

तो थोडा घुटमळला. "उकडीच्या मोदकात जायफळ जास्त घालतेस."

"सव्वीस वर्षं?"

"हो."

"आणि?"

"गवार. पण ती तू चांगलीच करतेस. मला गवारच आवडत नाही."

मी इतकी हसले की दुकानातल्या माणसाने पाण्याचा पेला आणून दिला. संध्याकाळी त्या चौकातून हॉटेलवर परतताना आम्ही दोघं बोलत होतो, तेही खाण्याबद्दल, आणि बहुतेक तोच बोलत होता. त्याच्या आईच्या हातचं काय कसं लागायचं हे मला त्या दिवशी कळलं.

सिंगापूरला आल्यावर मी त्या अदबीने बोलणाऱ्या बाईंना फोन करून तिळाचं खरं काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना अंदाज आलाच होता, कारण त्यांच्या बहिणीचंही तसंच झालं होतं. दिवाळीत मी निम्म्याच ऑर्डरी घेतल्या. चकलीच्या भाजणीच्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली आणि कढईपाशी उभा राहिला. सुरुवातीला प्रत्येक डाळीला "झालं वाटतं" म्हणत होता, तेव्हा मी वाटाड्या बाईंच्या वडिलांसारखी चिडले. हळूहळू सुधारला. हरभऱ्याची डाळ थोडी कमी भाजली गेली, चकल्या जरा मऊ झाल्या, पण कुणाचा फोन आला नाही. त्याआधी गणपतीत मोदकांत जायफळ निम्मंच घातलं होतं. मला फरक कळला नाही, त्याने न बोलता सहा खाल्ले.

पहिला वास आला तो दिवाळीनंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी. आम्ही सायकली चालवायला पुलाउ उबीन बेटावर निघालो होतो. लहान लाकडी बोट, दहा-बारा माणसं, आणि मागे जुनं इंजिन. नावाड्याने ते चालू केलं आणि काळा धूर आमच्या अंगावर आला. लोकांनी तोंडं फिरवली. मी नवऱ्याचा हात धरला.

त्याने विचारलं, काय झालं.

मी म्हटलं, "डिझेल."

त्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो उठला, आणि बोट डुलत असताना धरत धरत जाऊन आम्ही दोघं मागच्या फळीवर, इंजिनाजवळ बसलो. बेट येईपर्यंत तिथेच होतो.

आता निम्मंअधिक परत आलं आहे. लिंबू आणि लवंग स्पष्ट येतात, गुलाब अर्धवट. कॉफीला अजून जळक्या रबराचा वास येतो, म्हणून ती मी सोडली आहे. बाजारात कुठल्या गाडीवर थांबायचं हे हल्ली मीच ठरवते. नवरा बरोबर असतो. मी विचारलं नाही तरी जेवताना एखादं वाक्य बोलतो, आणि पुष्कळदा ते वाक्य तक्रारीचं असतं.