यादीकाकूंचं विमान

यादीकाकूंना साधी सायकलसुद्धा चालवता येत नव्हती आणि माझ्या मुलीला विमान उतरवायला त्यांनीच शिकवलं. विमान खरं नव्हतं, ते पुढे सांगतेच. पण मला त्यांचा हेवा वाटायचा तो मात्र अगदी खरा होता आणि अजून पुरता गेलेला नाही.

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. काकांची बदली अकोल्याहून झालेली, माझ्या नवऱ्याची साताऱ्याकडून. आयुष्यभर बदल्यांचं सामान बांधून बांधून काकूंना याद्यांची सवय लागली होती. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असे. घराबाहेर पडताना त्या एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या आणि घरातल्या कुणीतरी उत्तर द्यायचं. ‘‘गॅस?’’ ‘‘झालं!’’ ‘‘नळ?’’ ‘‘झालं!’’ ‘‘मागची कडी?’’ ‘‘झालं!’’ भाजी आणायला जातानाही हा सोहळा व्हायचाच. आम्ही बायका जिन्यात उभ्या राहून हसायचो. यादीकाकू हे नाव मीच पाडलं.

त्यांचा नियम एकच होता. ‘‘नुसतं तोंडानं म्हणू नको. हात लाव, डोयानं पाह्य, मंग बोल.’’ एकदा आम्ही उदयपूरला निघालो तेव्हा काकूंनी जिन्यातून मला विचारलं, ‘‘गिझर?’’ चपला चढवत मी म्हटलं, ‘‘हो हो, झालं.’’ चार दिवसांनी परतलो तेव्हा गिझर चालूच होता. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘पाह्यलं होतं का वं, वैशाली?’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शिकवायचे ते कॉलेज लांब, सीतापुऱ्याला. घरी यायला संध्याकाळ व्हायची. त्यामुळे शाळेतून आलेली मुक्ता दुपारभर काकूंकडे. तिथेच जेवायची, तिथेच अभ्यास. काकूंच्या यादीला ‘झालं’ म्हणण्याचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. हात लावून, बघून, मग उत्तर. घरी मात्र दहा हाका मारल्याशिवाय पंखा बंद करायची नाही. एकदा मी दमून आले तर ही म्हणते, ‘‘आई, मले भूक लागली, मतलब खूपच.’’ सातारच्या बाईची लेक हिंदी मिसळलेलं वऱ्हाडी बोलत होती. नवरा पोट धरून हसला. मी हसले नाही.

मुक्ताला वैमानिक व्हायचं होतं. तिच्या सतराव्या वाढदिवसाला मी झालान्याकडच्या एका ठिकाणी सिम्युलेटरचा एक तास ठरवला. विमानाची खरीखुरी वाटावी अशी केबिन, समोर पडद्यावर जयपूरच्या सांगानेर विमानतळाची धावपट्टी, शिकवायला एक निवृत्त कॅप्टन. डावी खुर्ची मुक्ताची, उजवी माझी. हा तास आम्हा दोघींचा असणार होता. पण मुक्तानं काकूंनाही बोलावलं. त्या डबा घेऊन मागच्या छोट्या खुर्चीवर बसल्या.

कॅप्टननं माझ्या हातात कागद दिला. ‘‘मॅडम, एक-एक लाइन पढ़िए और देखकर जवाब दीजिए.’’ आम्ही उडालो. मुक्ताचा चेहरा असा उजळला होता की कागद बाजूला ठेवून मी तिच्याकडेच बघत राहिले. उतरायची वेळ आली. ‘‘आई, चाकं?’’ शेवटी तिनंच विचारलं. मी म्हटलं, ‘‘हो हो, झालं.’’

भोंगा वाजला, खुर्च्या हादरल्या, पडदा लाल झाला. चाकं विमानाच्या पोटातच होती. आम्ही धावपट्टीवर पोटानं घसरलो. मागून काकूंनी ‘पाह्यलं होतं का’ असं विचारलं नाही, त्याचा मला जास्तच राग आला.

‘‘अब आंटीजी को मौका दें?’’ कॅप्टननं विचारलं. मला मागच्या खुर्चीवर बसवून काकूंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि पुढे जाऊन पेन मागितलं. सगळी यादी कॅप्टनकडून समजून घेत त्यांनी एका पाकिटाच्या मागे मराठीत लिहून काढली. माझ्या तासातली दहा मिनिटं त्यात गेली. मी मागे चडफडत बसले. मग सुरू झालं. ‘‘चाकं खाली? तीन हिरवे दिवे?’’ मुक्तानं एकेका दिव्याकडे बोट केलं. ‘‘झालं!’’ विमान किती अलगद टेकलं ते मी मागच्या खुर्चीवरून, मांडीवर डबा घेऊन पाहिलं. मुक्ता काकूंच्या गळ्यात पडली. ‘‘मी कुठं उडवलं वं?’’ काकू म्हणाल्या. ‘‘पोरगी उडवून रायली. मी त फक्त वाचून रायली.’’

त्यानंतर दर महिन्याच्या एका शनिवारी त्या दोघी झालान्याला जायला लागल्या. शनिवारी माझं कॉलेज असायचं. ‘‘तू पण ये ना,’’ मुक्ता म्हणायची, पण मागच्या खुर्चीवर मला पुन्हा बसायचं नव्हतं. माझा एकच आधार होता. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी मुक्ता न चुकता मला फोन करायची. ‘‘आई, बसतेय गं.’’ बस, एवढंच. मी वर्गात जाण्याच्या गडबडीत असायचे. ‘‘हं, बस बस,’’ म्हणून ठेवून द्यायचे. पण दिवसभर बरं वाटायचं. काकूंकडे तिचं सगळं होतं, हा फोन मात्र माझा होता.

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. अकोल्याला निघताना काकूंनी रिकाम्या घराची यादी वाचली आणि मुक्तानं रडत रडत प्रत्येक ओळीला ‘झालं’ म्हटलं. मला जवळ घेऊन काकू म्हणाल्या, ‘‘पोरीले जप.’’ त्या चालल्या याचं मला वाईट वाटलं आणि, खरं सांगते, बरंही वाटलं.

त्याच वर्षी मुक्ताला वैमानिक प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला. तिची बॅग भरताना ते पाकीट माझ्या हाती आलं. हळदीचे डाग पडलेलं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. अक्षर काकूंचं. मी एकेक ओळ वाचत गेले. इंजिन सुरू करण्याच्या आधीची ओळ मागाहून, वेगळ्या शाईनं, दोन ओळींच्या मध्ये दाटून लिहिली होती. ‘आईला फोन केला?’

‘‘हे काय गं?’’ मी विचारलं.

‘‘ती काकूंची लाइन. त्याच्याशिवाय इंजिन चालूच करू द्यायच्या नाहीत.’’

माझा एकुलता एक फोन, तोही त्यांनीच दिलेला निघाला. मला आधी संताप आला. ते पाकीट फाडावंसं वाटलं. मग पलंगाच्या कडेला बसून मी खूप रडले. मुक्ता घाबरून पाणी घेऊन आली. पाकीट तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

आता मुक्ता खऱ्या विमानात बसते. फोन अजून येतो. ‘‘आई, बसतेय गं.’’ मी हातातलं काम खाली ठेवते, खुर्ची ओढून बसते, तिचा आवाज नीट ऐकते, आणि मगच म्हणते, ‘‘झालं.’’