न सांगता होणारी कामे

जया प्रेमानंद खोब्रागडे. जन्म १९८४, पारशिवनी. वाडी येथील एका मालवाहतूक गोदामात २००९ पासून ट्रकमध्ये माल चढवून घेण्याचे काम. प्रताप नगरातील आमच्या वाचनालयाच्या संगणकवर्गात जून २०२३ ते मार्च २०२४. वर्गाची हजेरी मी ठेवीत असे. गोदामातील भाग स्वतः जयाबाईंनी सांगितला.

गोदामात संगणक येणार होता. माल कोणत्या क्रमाने चढवावा याची यादी काढणारा प्रोग्राम जयाबाईंनी मार्चअखेर लिहिला, तर संगणकाच्या टेबलावर त्या बसणार. अन्यथा बाहेरचा माणूस येणार आणि त्यांचे काम जाणार.

पहिला प्रोग्राम नेटका होता: जो नग शेवटी उतरायचा, तो आधी चढवायचा. तरीही चौथ्या नगापाशी तो अडकला. त्या नगावर गावाचे नावच नव्हते.

"अशा नगाचं तुम्ही काय करता?" शिक्षिका मेघा यांनी विचारले.

"दाराजवळ ठेवतो."

"मग ते इथे कुठे लिहिलंय?"

"त्यात लिहाचं काय, मॅडम? सगळ्याइले मालूम राह्यते."

"याला नाही, जयाताई. याला जेवढं सांगाल तेवढंच मालूम."

दुसऱ्या दिवसापासून जयाबाई वही घेऊन गोदामात हमालांमागे उभ्या राहू लागल्या. वृद्ध हमाल धोंडबा चिडले.

"काय लिहून राहिली वं? मालकानं माह्यावर नजर ठेवाले लावलं काय तुले?"

"नाही गा काका. तेलाचा डबा खाली काहून ठेवला?"

"मंग काय डोक्यावर ठेवू? गळते ना तो."

"हेच पायजे होतं."

तीन दिवसांत तेवीस नियम निघाले. ते आजवर कोणी कोणास सांगितले नव्हते आणि कोणी मोडलेही नव्हते. चौतीस वर्षे मी कार्यालयीन आदेश लिहिले; ज्यात काहीच गृहीत धरलेले नाही असा एकही आदेश माझ्या हातून झाला नाही. ती वही मी दोनदा वाचली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी पारशिवनीची गाडी त्यांच्या प्रोग्रामच्या यादीप्रमाणे भरली गेली. वाटेत एकही नग इकडचा तिकडे करावा लागला नाही, असे चालकाने कळविले. टेबल जयाबाईंना मिळाले.

आमच्या वर्गाची लेखी परीक्षा मात्र त्याच शनिवारी होती. ती बुडाल्यामुळे नियमानुसार त्यांचे प्रमाणपत्र रोखलेले आहे. या एका बाबतीत नियम शिथिल करावा, असा ठराव मी वाचनालयाच्या समितीपुढे ठेवला आहे. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.