फोनवर सील

ऐंशीच्या दशकात मी सिॲटलला पीएचडी करत होते. विषय होता समुद्रातले आवाज, पण ते मी फक्त लॅबमधल्या टेपवर ऐकले होते. मग एका वसंतात गाईडबाई मला अलास्काच्या पार उत्तरेला घेऊन गेल्या. समुद्र गोठलेला. बर्फातल्या एका भेगेतून आम्ही हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, खाली सोडला आणि मी हेडफोन लावले.

आधी नुसती खरखर. मग कुठूनशी एक बारीक शिट्टी सुटली आणि गिरक्या घेत खाली उतरू लागली. उतरतेय, उतरतेय, संपेचना! मला असं काही हसू फुटलं की मी बर्फावरच बसकण मारली.

"काय झालं?" बाई घाबरल्या. मी हेडफोन त्यांना दिले.

"दाढीवाला सील आहे. नर. मादीला बोलावतोय," त्या गंभीरपणे म्हणाल्या. पुढच्या शिट्टीला त्याही फिसकन हसल्या.

मुक्कामाच्या गावी परतल्यावर मला राहवेना. साताऱ्याला शेजारच्या काकूंकडे फोन लावला, आईला बोलावून घेतलं आणि त्या शिट्टीची टेप लावून टेपरेकॉर्डर रिसीव्हरला चिकटवला.

"अगं, लाइनमध्ये शिट्टी वाजतेय!" आई ओरडली. "ठेव, परत लाव!"

"आई, तो सील आहे!"

"सील? कुणी सील केलं? तुझी खोली?"

"प्राणी गं! बर्फाखाली पोहतो. बायको शोधतोय."

आईने ते लगेच काकूंना सांगितलं. मग, "पुन्हा ऐकव बरं."

पुन्हा ऐकवलं. टेप बंद केली, तरी शिट्टी चालूच! तीच गिरकी, तोच उतार, फक्त शेवटी दम तुटला. ती आई होती. मुलींनी शिट्टी वाजवू नये म्हणून मला दटावणारी माझी आई! मागे काकूंचं अख्खं घर खो-खो हसत होतं.

मी रिसीव्हर बाईंच्या कानाला लावला. त्यांनी तो हातातून काढूनच घेतला आणि उलट शिट्टी घातली. तिकडून उत्तर आलं. मग इकडून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण थांबायला कुणी तयार नाही. मी भिंतीला टेकून पोट धरून हसत होते. लाइन कट झाली, तोवर माझी पाळी काही आलीच नाही.