स्टेनोबाईंचं कोरं पान

स्टेनोबाईंसमोर माणसं जपून बोलत, कारण बाई सगळं लिहून घेत. कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखन केलेलं. बाई निवृत्त झाल्या, हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. फोनवर नणंद बोलत असली तरी डाव्या अंगठ्यानं वहीचं पान उचललेलं आणि उजव्या हातात पेन्सिल. त्यामुळे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य त्यांच्या नात्यागोत्यातून केव्हाच हद्दपार झालं होतं. एकदा एका साक्षीदाराच्या जबानीनं न्यायाधीशांनासुद्धा चष्मा पुसावा लागला, पण बाईंची पेन्सिल थांबली नाही. एकतीस वर्षांत एक शब्द सुटला नाही, हे बाई स्वतःच सांगत, आणि दिवसातून एकदा तरी सांगत.

त्यांचा भाचा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि उरलेल्या वेळात रॅप करायचा. स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘तुफान’. त्या दुकानात काम थोडं आणि वाद फार, आणि वादही वर्षानुवर्षं एकच. आजवरचा सगळ्यांत मोठा रॅपर कोण? एक म्हणे, ज्याची गाणी जास्त खपली तो. दुसरा म्हणे, ज्यानं हाल सोसले तो.

“हाल आपले मालकही सोसतात, म्हणून ते काय रॅपर झाले?” तुफान म्हणायचा. “एका दमात सगळ्यांत जास्त शब्द बोलेल तो मोठा. संपलं!”

दुकानाचे मालक दरवर्षी रॅपची स्पर्धा भरवत, आणि गेल्या वर्षी तिथं यावरूनच जुंपली होती. वेगवाले नुसते गुरगुरतात, त्यात शब्द कुठले, अशी ओरड झाली. म्हणून यंदा मालकांनी अक्कल लढवली. बाई लिहून घेतील आणि वहीत जेवढे शब्द तेवढे गुण. स्पर्धेत भाचा होता, तरी कोणी हरकत घेतली नाही. बाई खोटं लिहितील असं त्यांचे शत्रूही म्हणाले नसते. मनातून मात्र बाईंना वाटत होतं, पोरगं जिंकावं. भावजय गेल्यापासून त्यांनीच त्याला वाढवलं होतं, आणि आजवर तो शाळेतल्या चमचा-लिंबूतसुद्धा पहिला आला नव्हता.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. तुफान उठला आणि तीन मिनिटं त्यानं श्वास कधी घेतला ते त्यालाच ठाऊक. बाईंचं मनगट ठणकायला लागलं, पण पाचशे चाळीस शब्द वहीत उतरले. मुलगा घामाघूम होऊन आत्याकडे बघत होता. बाईंनी हळूच मान हलवली. आता करंडक घरीच येणार.

शेवटी एकच स्पर्धक उरली होती, इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारी एक बाई. कामाची पाळी संपवून थेट आलेली, बोटं अजून पाण्यानं सुरकुतलेली. तिनं सावकाश सुरुवात केली.

“शंभर चादरी रोज येतात हाती,
झोपलं कोण, नाही माहिती.”

बाईंनी हे आरामात लिहिलं. मग ती एका चादरीवर आली. एका म्हाताऱ्याची चादर. अर्धी चुरगळलेली आणि अर्धी जशी अंथरली तशीच. इस्पितळाची खाट ती केवढीशी, पण बायको जाऊनही तो तिची जागा सोडून झोपत होता. धुलाईवाली म्हणत होती, ही अर्धी मी कशाला धुऊ, इथं कोणी झोपलंच नाही. पण धुतली नाही तर तिची जागा कोण झाडणार?

स्टेनोबाई सात वर्षं पलंगाच्या एका कडेला झोपत होत्या. हे त्या कोणाला कशाला सांगतील?

टाळ्या पडल्या तेव्हा त्या दचकल्या. पेन्सिल कागदावर टेकलेली आणि पहिल्या दोन ओळींखाली पान कोरं.

“बाई, किती शब्द?” मालकांनी विचारलं.

वहीतली ती वेटोळी दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. अंदाजानं एखादा आकडा ठोकून दिला असता तर कोणाला कळणार होतं? भाचा जिंकला असता आणि एकतीस वर्षांची अब्रूही शाबूत राहिली असती. पण लिहिलेलं फिरवायचं नाही, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “पुढचं मी लिहिलंच नाही. ऐकत बसले.”



“नियमाप्रमाणे मग तुफान...” मालक चाचरत म्हणाले.

“नियम चुकलाय, मालक. एकतीस वर्षांत माझा हात कोणी थांबवला नव्हता. हिनं थांबवला.”

भाच्याचा चेहरा पडला. तो येऊन वहीकडे बघत उभा राहिला.

“आत्या, माझा एकही शब्द सुटला नाही तुझ्याकडून?”

“एकही नाही रे.”

“आणि ऐकलास त्यातला कुठला?”

बाईंनी पाचशे चाळीस शब्दांवरून नजर फिरवली. एकही ऐकल्याचं आठवेना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बघून भाच्याला हसू फुटलं. त्यानं स्वतःच करंडक उचलून धुलाईवालीच्या सुरकुतलेल्या हातात ठेवला आणि परत येऊन आत्याशेजारी बसला.

“पुढच्या वर्षी,” तो म्हणाला, “तुझी पेन्सिल मी थांबवतो की नाही बघ.”