दोहा: टूथपेस्टला पावती, घर मात्र तोंडी

गुरुवार, १४ फेब्रुवारी २००८, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दोह्यात माझ्या मुलाच्या, नेल्सनच्या घरी बसून, मीच केलेला चहा पिऊन घरमालकाच्या एजंटनं सांगितलं, की एक तारखेपासून भाडं तीन हजार रियालऐवजी साडेचार हजार. जमत नसेल तर खोल्या रिकाम्या करा. कागद नाही, सही नाही.

सहल मात्र सुरुवातीपासून सांगते. निवृत्त झाल्यापासून जायचं म्हणत होते. मुंबईहून विमानानं चार तासही लागत नाहीत. जायचं तर फेब्रुवारीतच जा. एक स्वेटर पुरतो. सूक वाकिफ हा जुना बाजार पायी फिरा, मसाल्यांचा भाव निर्लज्जपणे पाडून मागा आणि दमलात की एक रियालचा कडक चहा घ्या.

नेल्सनचं घर म्हणजे एका व्हिलाच्या पाच तुकड्यांपैकी एक. दोन खोल्या आणि दोन माणसं एकदम मावत नाहीत असं स्वयंपाकघर.

पहिल्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आधी मिस्सेची प्रार्थना, मग हायपरमार्केट. तिथल्या ट्रॉल्या बघून मला वाटलं, पोरगा चैनीत आहे. दूध पावडर, अत्तरं, जाड ब्लँकेटं. घरी आल्यावर कळलं, हे सगळं वसईच्या नातेवाइकांसाठी खोक्यांत भरायचं. घरात डाळभात, रियालला मिळणारी खुबूस रोटी आणि ऑफरमधलं फ्रोझन चिकन.

सून ग्लॅडिसला विचारलं, तर म्हणाली, "पगार भाड्यात जातो, आई. उरतं त्यात गावातली अब्रू."

शेजारच्या तुकड्यात नाशिकचं कुटुंब होतं. भाडं वाढलं तसं नवऱ्यानं बायकामुलांना परत पाठवलं आणि स्वतः आठ जणांच्या खोलीत एक पलंग घेतला.

हे ठाऊक असूनही मी घोळ घातलाच. एजंट आला, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे त्याला आत बसवलं आणि बांधलेली तीन खोकी कौतुकानं दाखवली.

"माशाल्ला, मम्मा. बहोत पैसा है," तो म्हणाला. मग आकडा सांगितला. तो आकडा ठरवून आला होता की खोकी बघून त्यानं वाढवला, देव जाणे.

मी म्हटलं, लिहून द्या. तो हसून इन्शाल्ला, म्हणजे देवाची मर्जी, म्हणाला आणि गेला. नेल्सन माझ्यावरच चिडला.

"आई, इथं कागद मागितला की घर जातं."

"आणि न मागता राहतं का?"

आठ वर्षांची नात रिया सगळं ऐकत होती. झोपताना तिनं विचारलं, "आजी, आम्ही इंडियाला जाणार, ते फॉर हॉलिडे ऑर फॉर ऑलवेज?"

वसईला परत आले, खोकी उघडली. जाऊबाईंनी अत्तर हुंगून विचारलं, "एवढंच?" मीही त्यांना सुनवायचं ते सुनावलं. नेल्सनला बजावलंय, यापुढे माझ्यासाठी साबणाची वडीसुद्धा घ्यायची नाही.

मनात राहिलं ते एवढंच: ज्या गावात चार रियालच्या टूथपेस्टला छापील पावती मिळते, तिथे माणसाच्या छपराला मिळत नाही. नेल्सननं कसंबसं एका महिन्याचं वाढीव भाडं भरलंय. रियाच्या शाळेचा दाखला काढायचा की नाही, हे त्यानं मार्चअखेरपर्यंत शाळेला कळवायचं आहे.

म्हणून एजंटसाहेब, माझं इंग्रजी पत्र रजिस्टर पोस्टानं निघालं आहे. भाडं किती, किती महिन्यांसाठी आणि कोणाच्या सहीनं, याचं लेखी उत्तर गुरुवार, २० मार्चपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. इन्शाल्ला चालणार नाही.